थप्पड खाऊन विचारलेला प्रश्न

जानेवारी २०२० मध्ये धाराशिवला, तेव्हाच्या सरकारी भाषेत उस्मानाबादला, ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं आणि अध्यक्षाच्या खुर्चीवर वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो बसले. त्या खुर्चीवर ख्रिस्ती धर्मगुरू बसण्याची ही पहिलीच वेळ. निवड जाहीर झाल्यापासून विरोध सुरू होता. धर्मप्रचारकाला साहित्याचं व्यासपीठ कशाला, असा सूर लावला गेला. निषेध झाले, धमक्यांचे फोन गेले. उद्घाटक ना. धों. महानोर यांनाही तुम्ही या संमेलनाला जाऊ नका, असं कळवण्यात आलं. महानोर आले. दिब्रिटोही आले, मणक्याच्या दुखण्यानं हैराण झालेले, संमेलन पुरतं पार पडेपर्यंत थांबणंही ज्यांना झेपलं नाही असे.

अशा वेळी माणूस काय करतो? अल्पसंख्य समाजातला, वयस्कर, आजारी, शिवाय स्वभावानं मृदू. चार गोड शब्द बोलावेत, ज्ञानोबा-तुकोबांना वंदन करावं, यजमानांचे आभार मानावेत आणि सुखरूप घरी जावं, हे कुणीही समजून घेतलं असतं. दिब्रिटो संतांविषयी बोलले, आणि मनापासून बोलले, कारण संतसाहित्य त्यांनी आयुष्यभर वाचलं होतं. पण पाचच दिवसांपूर्वी दिल्लीत जेएनयूच्या विद्यार्थ्यांना मारहाण झाली होती, तिचा त्यांनी त्याच मंचावरून निषेध केला. धर्माच्या नावानं चाललेल्या झुंडशाहीवर बोलले, शेतकऱ्यांच्या मरणावर बोलले. आवाज चढवला नाही. ज्यांनी त्यांना विरोध केला त्यांच्याविषयी कडवट शब्द काढला नाही. आणि सांगायचं ते गाळलंही नाही.

दिब्रिटो जुलै २०२४ मध्ये गेले. त्यानंतर मी त्या संमेलनाचा पुन्हा पुन्हा विचार केला आहे, आणि तो माकणीच्या बाजूनं केला आहे. लोहारा तालुक्यातलं माकणी हे तेरणेकाठचं गाव. निम्न तेरणा प्रकल्पाचं धरण इथंच आहे. वरच्या अंगाला त्याच नदीवर तेर, संत गोरोबाकाकांचं. खालच्या अंगाला किल्लारी, जिचं नाव साऱ्या देशाला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानं कळलं. या पट्ट्यात चर्चचं शिखर सहसा नजरेला पडत नाही. नाताळ म्हणजे शाळेला सुट्टी, एवढीच बहुतेकांची ओळख. मी ख्रिस्ती नाही, आणि कुणी ख्रिस्ती व्हावं म्हणून हे लिहीत नाही. मला येशूच्या शिकवणुकीतली एक गोष्ट आज आमच्या गावांसाठी अत्यंत गरजेची वाटते. ती म्हणजे सौम्यता. आणि ती गोष्ट आपण बहुधा चुकीची समजून घेतली आहे, ख्रिस्त्यांनी आणि बाकीच्यांनीही.

एका गालावर मारलं तर दुसरा गाल पुढं करावा, ही येशूची शिकवण ज्यानं कधी बायबल उघडलं नाही त्यालाही ठाऊक असते. गांधीजींच्या नावावर ती खपते, सिनेमात टिंगलीसाठी वापरली जाते, आणि मार खाणाऱ्याला गप्प बसवायचं असलं की हमखास काढली जाते. पण योहानाच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे तो कुणी सांगत नाही. येशूला पकडून महायाजकांच्या घराण्यातल्या हन्नापुढं उभं केलं आहे. त्याच्या उत्तरानं चिडून तिथला एक शिपाई त्याच्या तोंडात मारतो. तेव्हा येशू दुसरा गाल पुढं करत नाही. उलटा हातही उगारत नाही, शाप देत नाही. तो शिपायाला विचारतो की मी काही वावगं बोललो असेन तर ते काय ते दाखव; आणि नीट बोललो असेन तर मला का मारलंस? मला या प्रसंगात येशूच्या सौम्यतेची सगळी रीत दिसते. मारणाऱ्याला तो माणूस म्हणून उत्तर द्यायला बोलावतो. शिपाई हा फक्त हुकुमाचा हात नाही, त्यालाही विचार करता येतो, हे येशूनं गृहीत धरलं आहे. त्याच वेळी मार चुकीचा होता हे तो सगळ्यांसमोर उघड करतो.

आता आमच्या गावांकडं येतो. १ सप्टेंबर २०२३ ला जालना जिल्ह्यात अंतरवाली सराटीला आंदोलकांवर लाठीमार झाला आणि मराठा आरक्षणाचा प्रश्न मराठवाड्यातल्या घराघरांत शिरला. पुढच्या वर्षी जूनमध्ये, तिथून जवळच, वडीगोद्रीला ओबीसींच्या बाजूनं उपोषण झालं. दोन्ही बाजूंच्या मागणीमागचं दुःख खरं आहे. सोयाबीनला भाव नाही, जमिनीचे वाटे होत होत गुंठ्यांवर आले, शिकलेली पोरं पारावर बसून मोबाईल चाळताहेत. ज्यांच्या हाती जमीन कधी नव्हतीच त्यांना पंचायतीतली आणि नोकरीतली जागा म्हणजे एकुलता एक आधार. पण हे दुःख एकमेकांना सांगण्याऐवजी एकमेकांवर मोजलं जाऊ लागलं. किराणा कुणाच्या दुकानातून घ्यायचा, कटिंगला कुणाकडं जायचं, हॉटेलात कुणी बोलावलं तर त्या टेबलावर बसायचं की नाही, हे आडनावावरून ठरू लागलं. वर्गमित्रांच्या ग्रुपमधून माणसं निघून गेली. निवडणूक झाली, गुलाल धुतला गेला, पण लोकांच्या चालण्या-बोलण्यातलं अंतर राहून गेलं.

आणि ही काही या मातीतली पहिली फूट नव्हे. १९४७-४८ साली आमचा धाराशिव जिल्हा निजामाच्या राज्यात होता. निजामाच्या पाठीराख्या रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरला वकिली करायचा, आणि तेव्हाचं लातूर याच जिल्ह्यातलं. रझाकारांनी गावं जाळली, माणसं मारली, ते आजी-आजोबांच्या तोंडून आमच्या पिढीनं ऐकलं आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा आल्या, मराठवाडा मुक्त झाला, आणि १७ सप्टेंबरला आपण झेंडा लावतो. त्यानंतरच्या आठवड्यांत काय झालं ते मात्र कुणी सांगत नाही. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीनं त्याच वर्षाच्या अखेरीस हा भाग पाहिला. सूडाच्या भरात जिथं मुसलमानांची सर्वांत जास्त कत्तल झाली अशा चार जिल्ह्यांत तिनं उस्मानाबादचं नाव घातलं. बाकीचे तीन गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. साऱ्या हैदराबाद संस्थानात मिळून मेलेल्यांचा समितीचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. तो अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला गेला.

या गप्प बसण्याला सौम्यता म्हणता येणार नाही. सत्तर-पंचाहत्तर वर्षं एक अर्धी गोष्ट एका घरात आणि उरलेली अर्धी दुसऱ्या घरात सांगितली जात राहिली, तर दोन्ही घरांतली लेकरं आपापलं दुःख एकटंच समजून वाढतात. वर पापुद्रा धरतो, आतली जखम तशीच राहते. रझाकारांचा जुलूम आणि नंतरचा सूड, हे दोन्ही एकाच बैठकीत, एकाच तोंडानं, आवाज न चढवता सांगणारा माणूस आम्हाला हवा होता. शिपायाला प्रश्न विचारणारा माणूस तो हाच. आजही तो कमीच आढळतो, कारण असं बोलणाऱ्याला दोन्हीकडून शिव्या खाव्या लागतात.

सुंदरलाल समितीनं आणखी एक गोष्ट नोंदली, आणि माझ्या दृष्टीनं साऱ्या अहवालात तीच मोलाची. जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणारे हिंदू तिला ठिकठिकाणी भेटले, आणि एकाच धंद्यातल्या माणसांत ही माया विशेष दिसली. विणकरांनी विणकरांना वाचवलं. मी यावर बराच थांबलो. हे विणकर काही धर्मग्रंथ वाचून उठले नव्हते. एकाच बाजारात सूत घेणारे, एकाच सावकाराचे देणेकरी, एकाच मंदीत उपाशी राहणारे. आपुलकी शिकवावी लागली नाही. रोजच्या कामातून ती आधीच तयार होती आणि वेळ आली तेव्हा कामाला आली. सौम्यतेविषयी बोलणारे बहुतेक लोक इथंच चुकतात. ते तिला मनाचा गुण समजतात आणि प्रवचनातून पेरायला बघतात. तिला व्यवस्था लागते, एकत्र काम लागतं, एकमेकांच्या अंगणात जाण्याचं रोजचं निमित्त लागतं.

जामखेडला डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली आरोग्याचं जे काम सुरू केलं, त्याकडं मी ख्रिस्ती सौम्यतेचं सर्वांत ठोस उदाहरण म्हणून पाहतो. आमच्या जिल्ह्याच्या भूम-परंड्याला लागून असलेला हा तालुका, तसाच दुष्काळी. वेलोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेलं हे श्रद्धाळू ख्रिस्ती जोडपं अमेरिकेत पुढचं शिकून परत आलं आणि जनावरांच्या जुन्या दवाखान्यात त्यांचं काम सुरू झालं. त्या काळी त्या भागात जन्मणाऱ्या हजार बाळांतली पावणेदोनशेच्या घरात वर्षाच्या आत दगावत. आरोळ्यांना लवकरच कळलं की औषधानं हे थांबणार नाही. बाळं मरतात ती घाण पाण्यानं आणि भुकेनं, आणि पाणी व भाकरी जातीनं वाटलेली आहे.

मग हातपंप आले. विंधन विहिरीची जागा ठरवायची वेळ आली की या मंडळींची नजर दलित वस्तीकडं वळायची. पंप तिथंच बसवला की गावातल्या बायांना घागर घेऊन तिथं यावंच लागायचं. ज्यांच्या सावलीचाही विटाळ होता त्यांच्या अंगणात उभं राहून पाळी येईपर्यंत थांबायचं. भाषण नाही, निषेध मोर्चा नाही, वरच्या जातीला पापी म्हणून हिणवणं नाही. नुसता एक हातपंप. आणि तरी गावातल्या सत्तेच्या मुळाला त्यानं हात घातला होता. आरोग्यसेविका म्हणून निवडलेल्या बायांत कितीतरी दलित होत्या, बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. जामखेडला प्रशिक्षणाला आल्या की सगळ्या जातींच्या बायांनी एकत्र रांधायचं, एका पंगतीत जेवायचं, एकाच खोलीत झोपायचं. पुढं त्याच बाईनं गावात मोठ्या घरच्या सुनेचं बाळंतपण केलं, तेव्हा विटाळाचा प्रश्न त्या घराला स्वतःलाच सोडवावा लागला. आरोळ्यांना १९७९ साली मॅगसेसे मिळालं, जगभरातून डॉक्टर जामखेडला शिकायला आले. पण मला त्यांचं मोठेपण त्या जागेच्या निवडीत दिसतं. पंप कुठं बसवायचा याचा तो निर्णय एका वेळी सौम्यही होता आणि कमालीचा हट्टीही.

याच्या उलटं काय घडतं तेही आमच्या भागानं पाहिलं आहे. १९९३ च्या भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि वरची जड माळवदं कोसळली, सरकारी आकड्यानुसार आठ हजारांच्या जवळपास माणसं गेली. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं, लोक उशिरा झोपले होते. त्या पहाटे ढिगारा उपसणाऱ्यानं खालच्या माणसाची जात विचारली नाही. पत्र्याच्या शेडमध्ये शेजारी कोण आलं याला महिनोन्महिने अर्थ नव्हता. देशभरातून मदत आली. चर्चच्या संस्था, गुरुद्वारांचे लंगर, संघाचे स्वयंसेवक, समाजवादी, सगळे एका चिखलात राबले. मग पुनर्वसनाचे आराखडे आले. जमिनीच्या हिशेबानं घरं ठरली: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, त्यावरच्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. बऱ्याच नव्या गावठाणांत एका मापाची घरं एका ओळीत आली, आणि आमच्याकडं जमीन म्हणजे जवळजवळ जातच असल्यामुळं जुनी वस्तीची रेघ नव्या नकाशावर सिमेंटनं पक्की झाली. कुणाचा दुष्ट हेतू नव्हता. पण पत्र्याच्या शेडमध्ये जे नातं तयार झालं होतं त्याला नव्या गावात जागाच ठेवली गेली नाही. आरोळ्यांनी पंपाबाबत जो विचार केला तो घरांच्या ओळींबाबत कुणी केला असता तर आजची मराठवाड्यातली फूट काही गावांत तरी उथळ राहिली असती, असं मला ठामपणे वाटतं.

इथं एक आक्षेप घ्यायलाच हवा, कारण तो खरा आहे. सौम्य राहा हा उपदेश नेहमी ज्याला मार बसतो त्यालाच का केला जातो? बाबासाहेबांनी दलितांना जे सांगितलं ते शिका, संघटित व्हा, झगडा असं सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. सहनशीलतेच्या नावाखाली माणसाला गुलामीची सवय लावणारे बुवा-बाबा सगळ्याच धर्मांत होऊन गेले, चर्चमध्येही. शिवाय चर्चच्या बाकांवरही जात बसली होती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळं ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. गावकऱ्यांच्या लेखी तो अजून तोच असतो आणि सरकारच्या लेखी तो दलित उरलेला नसतो. अशा माणसाला सौम्यतेचे धडे देणं हा निव्वळ निर्दयपणा होईल.

म्हणूनच मी सौम्यतेची पहिली जबाबदारी वरचढ बाजूवर टाकतो. येशूनं शेवटच्या जेवणाच्या रात्री शिष्यांचे पाय धुतले. पाय धुणं हे त्या काळी नोकराचं काम, आणि ते गुरूनं केलं. शिष्यांना माझे पाय धुवा असं सांगितलं नाही. ज्याच्या हातात सत्ता आहे, संख्या आहे, जमीन आहे, त्यानं आधी वाकायचं, हा त्या कृतीचा रोख आहे. ख्रिस्ती इतिहासातले काळे अध्याय नेमके तेव्हा लिहिले गेले जेव्हा हा रोख विसरला गेला. गोव्यात पोर्तुगीजांच्या हाती तलवार होती तेव्हा साष्टी-बार्देशात देवळं पाडली गेली आणि १५६० पासून इन्क्विझिशनचा वरवंटा फिरला. त्याच भूमीवर, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठीतलं ‘क्रिस्तपुराण’ छापून निघालं, मराठीवर जिवापाड प्रेम करणाऱ्या माणसाचं. एक हात भाषेला कुरवाळत होता आणि दुसरा देऊळ पाडत होता. हे दोन्ही एकाच चर्चचे हात. मार्च २००० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये चर्चच्या लोकांनी सत्याच्या नावानं केलेल्या हिंसेबद्दल जाहीर क्षमा मागितली. क्षमा मागायला उशीर झाला, पण सत्तेच्या शिखरावरून ती मागितली गेली याचं मोल मी मानतो. हिंदू बहुसंख्येच्या देशात आज तोच धडा आमच्यापुढं आहे, आणि मराठवाड्यात तो गावातल्या सगळ्यांत मोठ्या समाजापुढं आहे.

आणि जखमी माणूस स्वतःहून सौम्य राहायचं ठरवतो तेव्हा? त्याचा अधिकार कुणीही हिरावून घेऊ नये. ओडिशात मनोहरपूरला जानेवारी १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमथी, गाडीत झोपलेली असताना जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर केलं आणि बारीपदातल्या कुष्ठरोग्यांची सेवा सोडून त्या लगेच ऑस्ट्रेलियाला परतल्या नाहीत. पण खटला चालला. साक्षी झाल्या, मुख्य आरोपीची जन्मठेप २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायम केली. ग्लॅडिसबाईंनी मनातला सूड सोडला होता. कायद्याचं काम कायद्यानं केलं. या दोन गोष्टींची गल्लत करून पीडिताच्या क्षमेचा फायदा गुन्हेगाराला मिळवून द्यायचा, हा प्रकार गावच्या पंचांत नेहमी चालतो. पोरीवर हात टाकणाऱ्याला चार लोकांत पाया पडायला लावायचं आणि केस मागं घ्यायला लावायची, याला समेट म्हणतात. त्यात सौम्यता कुठंच नाही.

आणखी एक भाबडेपणा दूर करायला हवा. सौम्यता म्हणजे थंड स्वभाव, असं आपण धरून चालतो. रेव्हरंड ना. वा. टिळक थंड स्वभावाचे मुळीच नव्हते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ ज्यानं वाचली त्याला टिळकांचा तापटपणा, विक्षिप्तपणा, डोक्यात राख घालून घराबाहेर पडणं, सगळं ठाऊक आहे. फेब्रुवारी १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले आणि त्यांचं घर मधोमध दुभंगलं. लक्ष्मीबाई पंढरपूरला नातलगांकडं राहिल्या. पुढं त्या नवऱ्याकडं परत आल्या तेव्हाही सोवळ्या-ओवळ्याचं ओझं सोबत घेऊनच आल्या. इतर सगळ्या बाबतींत उतावीळ असलेल्या टिळकांनी या एका बाबतीत बायकोवर जबरदस्ती केली नाही. तिचा चुलीपाशीचा विटाळ तिचा तिला फिटू दिला. एके दिवशी लक्ष्मीबाईंना स्वतःलाच उमगलं की देवानं माणसं केली आणि जाती माणसानं केल्या. तेव्हापासून कुणाच्याही हातचं पाणी त्यांना चालू लागलं. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि ज्यांना पूर्वी ओट्यावरही येऊ दिलं नसतं अशी लेकरं पुढं त्यांच्या घरात वाढली. टिळकांना जे साधलं ते स्वभावामुळं साधलं नाही, स्वभावाच्या विरुद्ध जाऊन घेतलेल्या निर्णयामुळं साधलं. संतापी माणसांच्या आमच्या मुलुखाला मला यात मोठा दिलासा वाटतो.

दिब्रिटोंचंही तसंच. त्यांना फक्त ‘सुबोध बायबल’चे अनुवादक आणि ‘सुवार्ता’चे संपादक म्हणून ओळखणाऱ्यांना त्यांचं दुसरं आयुष्य ठाऊक नसतं. वसईची केळीची, फुलांची, पानवेलींची हिरवी पट्टी बिल्डरांच्या घशात जाऊ लागली आणि जमिनीच्या मागं गुंडगिरी आली, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनात हा पुरोहित रस्त्यावर उतरला. त्या दिवसांत वसईत नाव घेऊन बोलायला माणसं घाबरायची. दिब्रिटोंच्या पाठीशी ख्रिस्ती शेतकरी होते तसे हिंदूही होते, कारण पाणी दोघांच्याही विहिरींतून आटत होतं. विणकरांची गोष्ट इथं पुन्हा दिसते. धाराशिवच्या मंचावर जे धैर्य दिसलं ते असं कित्येक वर्षांत, शेताच्या बांधांवर तयार झालेलं होतं.

तेव्हा माकणीत काय करता येईल? सद्भावना रॅली काढून काही व्हायचं नाही. तिथं सगळे एकाच ट्रॅक्टरवर फोटोपुरते चढतात. धरणाचं पाणी ही आमची एकत्र असलेली, टाळता न येणारी गोष्ट आहे. २००५ च्या सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्यानं पाणीवापर संस्थांच्या समितीत कालव्याच्या मुखाकडचे, मधले आणि टेलचे अशा तिन्ही भागांतल्या शेतकऱ्यांना समान जागा दिल्या. कागदावर न्याय आहे. प्रत्यक्षात वरचा शेतकरी रात्री चारीचं दार उघडतो आणि टेलच्या माणसाला ओलही मिळत नाही. वरची काळी जमीन कुणाची आणि शेवटची बरड कुणाची, हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. येशूच्या एका दाखल्यात द्राक्षमळ्याचा मालक दिवस मावळताना कामावर घेतलेल्या मजुराला आधी मजुरी देतो, आणि सकाळपासून राबलेल्यांइतकीच देतो. त्यावर सकाळचे कुरकुरतात. इंग्रज लेखक रस्किननं त्या दाखल्यातून आपल्या पुस्तकाला नाव दिलं, गांधीजींनी ते १९०४ साली आफ्रिकेत आगगाडीत वाचलं आणि त्यातून सर्वोदय उभा राहिला. सर्वोदयाची भाषणं पुष्कळ झाली. धरण भरेल त्या वर्षी पहिलं आवर्तन टेलपासून वर घ्यायचं, असा ठराव मुखाकडच्या शेतकऱ्यांनी स्वतःहून मांडावा, समितीचं अध्यक्षपद टेलच्या माणसाला द्यावं, आणि बैठक गावात न घेता त्याच्या शेतावर घ्यावी. वरच्यांची एक पाळी उशिरा जाईल, काहींचा ऊस थोडा सुकेल, घरात कटकट होईल. जातीविषयी त्या बैठकीत एक शब्दही काढायची गरज नाही. पाणी शेवटच्या चारीपर्यंत पोचेतो रात्रपाळीला दोन वेगवेगळ्या वस्त्यांतली माणसं दारावर एकत्र बसवावीत, आणि पाळ्यांची यादी जातीवरून न लावता चिठ्ठ्या टाकून लावावी.